तीन पेन्सांची जकात

इ. स. १७७३ च्या डिसेंबर महिन्याची १६ तारीख. अमेरिकेंतील बोस्टन शहराच्या धक्क्यास तीन जहाजें लागलेलीं होतीं. सायंकाळ उलटल्यावर कांहीं लोक तोंडास काजळी फांसून व अंगावर घोंगड्या पांघरून त्या जहाजांवर चढले. त्यांनीं तळांतून चहाच्या पेट्या वर काढल्या, कुऱ्हाडींनीं फोडल्या, आणि सुमारें ३४० पेट्यांतील चहा समुद्रांत ओतून दिला. त्याची किंमत ९,६०० पौंडांहून अधिक होती. हा चहा आसामचा नव्हे. आसामांत चहाचे मळे होण्यास अजून साठ वर्षांहून अधिक अवकाश होता. ईस्ट इंडिया कंपनीनें चीनहून लंडनला आणलेला आणि तेथून अमेरिकेस धाडलेला तो माल होता.

शाळेंत इतिहास शिकलेल्या प्रत्येकास हा प्रसंग ठाऊक असतो. परंतु त्यांतील एक गोष्ट सहसा ध्यानांत राहत नाहीं. बुडविलेला चहा महाग नव्हता. त्याच वर्षीं झालेल्या नव्या कायद्यामुळें तो पूर्वीपेक्षां स्वस्त झाला होता, आणि अमेरिकेंतील बंदरांत त्यावर जी जकात द्यावयाची ती रत्तलामागें अवघी तीन पेन्स होती. तीन पेन्स वांचविण्यासाठीं कोणी राजाशीं वैर धरीत नाहीं, आणि तीन पेन्स मिळविण्यासाठीं कोणी साम्राज्य पणास लावीत नाहीं. तरी दोन्ही गोष्टी घडल्या. त्या कशा घडल्या हें समजून घ्यावयाचें असल्यास चहापूर्वींचीं दहा वर्षें, आणि त्या दहा वर्षांत या वादांत ओढलीं गेलेलीं माणसें पाहिलीं पाहिजेत.

या वादाच्या मुळाशीं युद्धाचें कर्ज होतें. १७६३ सालीं पॅरिसच्या तहानें सात वर्षांचें युद्ध संपलें. इंग्लंडनें कॅनडा जिंकला, हिंदुस्थानांत फ्रेंचांचा पाडाव केला. परंतु या विजयाच्या पायीं राष्ट्राचें कर्ज सुमारें साडेसात कोटी पौंडांवरून सुमारें १३ कोटी पौंडांवर गेलें. शिवाय अमेरिकेंतील नव्या मुलखाच्या रक्षणास सुमारें १० हजार फौज ठेवावयाची, तिचा खर्च वर्षास दोन लक्ष पौंडांच्या वर जाणार होता. त्या वर्षीं मुख्य प्रधान झालेला जॉर्ज ग्रेनव्हिल हा मोठा हिशेबी मनुष्य होता. जमाखर्चाचे कागद वाचण्यांत त्याला जो रस वाटे तो इतर मुत्सद्द्यांना क्वचितच वाटे. इंग्लंडांतील प्रजा करांनीं वांकली आहे. अमेरिकेंतील प्रजेचें रक्षण इंग्लंडच्या पैशानें होत आहे. तेव्हां त्या प्रजेनें आपल्या रक्षणाचा कांहीं भार उचलावा, असें त्याला वाटलें. या विचारांत दुष्टपणा कोठेंहि नव्हता. कोणत्याहि शहाण्या गृहस्थास तो पटला असता.

पहिला हात त्यानें काकवीस घातला. वेस्ट इंडीजमधील फ्रेंच बेटांतून येणाऱ्या काकवीवर १७३३ पासून गॅलनास सहा पेन्स जकात होती. या काकवीची बोस्टनकडे रम नांवाची दारू गाळीत, आणि जकात बहुधा कोणी देत नसे. जकात-कामगारांच्या हातावर कांहींतरी ठेवलें म्हणजे काम भागे. ग्रेनव्हिलनें १७६४ सालीं ही जकात निम्म्यावर आणली, म्हणजे तीन पेन्स केली; पण ती खरोखर वसूल करण्याची व्यवस्था केली. जकात उतरली आणि ओरड वाढली, याचें कारण एवढेंच कीं, आजवर कागदावर असलेला कर आतां खिशांतून जाऊं लागला.

या ओरडीला तत्त्वाचें रूप देणारा पहिला पुरुष म्हणजे बोस्टनचा वकील जेम्स ओटिस. १७६१ सालीं जकात-कामगारांना वाटेल त्याच्या घराची व वखारीची झडती घेण्याचे सरसकट हुकूम द्यावे कीं नाहीं, हा प्रश्न न्यायालयापुढें आला असतां ओटिसनें त्यांच्याविरुद्ध भाषण केलें. तो खटला हरला. पण कोर्टांत बसून तें भाषण ऐकणारा जॉन अॅडम्स नांवाचा तरुण वकील तें जन्मभर विसरला नाहीं. पुढें हाच अॅडम्स अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला. १७६४ सालीं ओटिसनें एक पुस्तिका लिहून असें प्रतिपादन केलें कीं, मनुष्याची मिळकत त्याच्या संमतीवांचून घेतां येत नाहीं. ही संमति त्यानें स्वतः द्यावी किंवा त्याच्या प्रतिनिधीनें द्यावी. आणि अमेरिकेचा एकहि प्रतिनिधि पार्लमेंटांत नाहीं. काळा असो वा गोरा असो, मनुष्य जन्मतः स्वतंत्र आहे, असेंहि त्यानें त्यांत लिहिलें. हें त्या काळीं फार थोड्यांनीं लिहिलें होतें.

ओटिसनें मांडलेलें करांविषयींचें तत्त्व अमेरिकेंत निघालेलें नव्हे. तें इंग्लंडचेंच होतें. पहिल्या चार्ल्स राजानें पार्लमेंटला न विचारतां जहाजपट्टी बसविली तेव्हां जॉन हॅम्पडेन त्याच तत्त्वासाठीं उभा राहिला होता. इंग्लंडच्या बापजाद्यांनीं राजाशीं भांडून जें मिळविलें तेंच इंग्लंडच्या मुलांनीं आतां पार्लमेंटपुढें मांडलें, आणि येथेंच मोठी अडचण उत्पन्न झाली. कारण इंग्लंडांतील मनुष्याच्या दृष्टीनें पार्लमेंट हेंच स्वातंत्र्याचें देऊळ. त्याच्यापासून स्वातंत्र्यास धोका आहे हें म्हणणें त्याला समजतच नसे. ग्रेनव्हिलचा चिटणीस टॉमस व्हेटली यानें उत्तर दिलें कीं, मँचेस्टर व बर्मिंगहॅम हीं शहरेंहि पार्लमेंटांत सभासद पाठवीत नाहींत. तरी पार्लमेंटांतील प्रत्येक सभासद सर्व साम्राज्याचा प्रतिनिधि असतो. यावर ओटिसचें म्हणणें सरळ होतें: त्या शहरांना प्रतिनिधि नसतील तर ते असावयास हवेत.

दुसरा कायदा स्टँपाचा. तो १७६५ च्या मार्चच्या २२ तारखेस मंजूर झाला व १ नोव्हेंबरपासून लागू व्हावयाचा होता. वर्तमानपत्रें, पंचांगें, दस्तऐवज, दाव्याचे कागद, दारूचे परवाने, खेळावयाचे पत्ते आणि फांसे, या सर्वांवर सरकारी छाप हवा. छापाचा कायदा भंग करणाराचा खटला पंचांपुढें न चालतां आरमारी न्यायालयांत चालूं शकेल, हेंहि त्यांत होतें. ग्रेनव्हिलला यापासून वर्षास सुमारें ६० हजार पौंडांची अपेक्षा होती. न्याय म्हणून सांगितलें पाहिजे कीं, त्यानें एक वर्ष आधीं सूचना दिली होती आणि वसाहतींच्या लंडनमधील वकिलांना बोलावून दुसरा उपाय सुचवा असेंहि म्हटलें होतें. राजानें पूर्वींप्रमाणें वसाहतींच्या सभांकडे पैसा मागावा, असें त्यांनीं सुचविलें. कोणत्या वसाहतीनें किती द्यावें हें तुम्ही आपसांत ठरवूं शकाल काय, असें ग्रेनव्हिलनें विचारलें. त्याला त्यांच्यापाशीं उत्तर नव्हतें.

या वकिलांत पेनसिल्व्हानियाचा बेंजामिन फ्रँक्लिन होता. छापखान्यांत उमेदवारी करून वर आलेला, विजेवरील प्रयोगांनीं सर्व युरोपांत गाजलेला, आणि लंडनला आपलें दुसरें घर समजणारा हा मनुष्य. साम्राज्यावर त्याचें मनापासून प्रेम होतें. कायदा टळत नाहीं असें पाहून त्यानें तो मान्य केला व फिलाडेल्फियांतील स्टँप-कामगाराची जागा आपल्या एका मित्रास मिळवून दिली. अमेरिकेचें मन ओळखण्यांत या अत्यंत चतुर माणसाची अशी चूक झाली. पुढें फिलाडेल्फियांत लोक खवळले तेव्हां त्याची बायको डेबोरा हिला घरांत बंदुका भरून पहारा करावा लागला.

तो कायदा ज्यांच्या खिशास लागला ते वकील, छापखानेवाले, व्यापारी. म्हणजे नेमके ज्यांना बोलतां आणि लिहितां येतें तेच लोक. व्हर्जिनियाच्या सभेंत पॅट्रिक हेन्री नांवाचा २९ वर्षांचा वकील सभासद होऊन फार तर नऊ दिवस झाले असतील, तोंच त्यानें कायद्याविरुद्ध ठराव मांडले व भाषणांत सीझर आणि पहिला चार्ल्स यांच्या गतीची तिसऱ्या जॉर्ज राजास आठवण करून दिली. सभेंत राजद्रोहाची हाकाटी झाली. दाराशीं उभा राहून टॉमस जेफर्सन नांवाचा विद्यार्थी तें ऐकत होता.

त्या वर्षीं ऑगस्टच्या १४ तारखेस बोस्टनमध्यें स्टँप-कामगार अँड्र्यू ऑलिव्हर याची प्रतिमा झाडास टांगण्यांत आली. त्याच्या दोन दिवस आधीं, १२ ऑगस्टला, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस अलाहाबाद येथें शहा अलम बादशहानें बंगाल, बिहार व ओरिसा यांची दिवाणी, म्हणजे सारा वसूल करण्याचा हक्क, ईस्ट इंडिया कंपनीस दिला. क्लाइव्हनें तो घेतला. त्या तीन सुभ्यांतील रयतेस कोणीं विचारलें नाहीं, आणि विचारावें असें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं. एकाच आठवड्यांत घडलेल्या या दोन गोष्टींचा संबंध त्या वेळीं कोणासहि दिसला नसता. आठ वर्षांनीं चहाच्या पेट्यांनीं तो जोडून दिला.

२६ ऑगस्टच्या रात्रीं बोस्टनमधील जमाव नायब गव्हर्नर टॉमस हचिन्सन याच्या घरावर गेला. या सर्व कथेंत हचिन्सनइतकें दुर्दैवी पात्र दुसरें नाहीं. त्याचें घराणें पिढ्यान् पिढ्या बोस्टनचें. तो स्वतः मुख्य न्यायाधीश होता आणि आपल्या प्रांताचा इतिहास लिहीत होता. स्टँपाचा कायदा त्यालाहि अयोग्य वाटत होता आणि तसें त्यानें खाजगी रीतीनें इंग्लंडला लिहिलेंहि होतें. पण कायदा झाला म्हणजे तो पाळला पाहिजे, असें त्याचें मत. आणि ऑलिव्हर त्याचा साडू. तेवढें जमावास पुरे झालें. पहांटेपर्यंत घराच्या भिंतींखेरीज फारसें कांहीं उरलें नाहीं. इतिहासाच्या दुसऱ्या खंडाचें हस्तलिखित चिखलांत पडलेलें एका शेजाऱ्यानें गोळा केलें, म्हणून तो खंड पुढें छापतां आला. दुसऱ्या दिवशीं हचिन्सन न्यायासनावर बसला तेव्हां त्याच्या अंगावर न्यायाधीशाचा झगा नव्हता. उसने कपडे होते. डोळ्यांत पाणी आणून त्यानें शपथेवर सांगितलें कीं, या कायद्यास आपण कधींहि साह्य केलें नाहीं.

ऑक्टोबरांत नऊ वसाहतींचे प्रतिनिधि न्यूयॉर्क येथें जमले. व्यापाऱ्यांनीं इंग्लंडचा माल मागविणें बंद केलें. नोव्हेंबर उजाडला तेव्हां स्टँप विकण्यास बहुतेक ठिकाणीं एकहि कामगार उरला नव्हता. इकडे ग्रेनव्हिल अधिकारावरून गेला होता व रॉकिंगहॅम प्रधान झाला होता. त्याचा चिटणीस एडमंड बर्क नुकताच पार्लमेंटांत आला होता. १७६६ च्या फेब्रुवारींत कॉमन्स सभेनें फ्रँक्लिनला बोलावून १७४ प्रश्न विचारले. त्यानें शांतपणें उत्तरें दिलीं. अमेरिकेचें मन १७६३ पूर्वीं इंग्लंडविषयीं कसें होतें आणि आतां कसें आहे, तें त्यानें सांगितलें. फौज पाठविली तर काय होईल, या प्रश्नास त्याचें उत्तर असें होतें कीं, फौजेस तेथें बंड आढळणार नाहीं. मात्र ती बंड उत्पन्न करूं शकेल. अंतर्गत कर आणि बंदरावरील जकात यांत अमेरिकेचे लोक भेद करतात, असेंहि तो बोलून गेला. हें वाक्य पुढें एकानें उचललें.

मार्चच्या १८ तारखेस स्टँपाचा कायदा रद्द झाला. न्यूयॉर्कच्या लोकांनीं तर कृतज्ञतेनें तिसऱ्या जॉर्ज राजाचा सोन्याचा मुलामा दिलेला शिशाचा पुतळा करविला. परंतु त्याच दिवशीं दुसरा एक कायदा झाला. वसाहतींना सर्व बाबतींत बांधील असे कायदे करण्याचा पार्लमेंटला हक्क आहे, एवढेंच त्यांत जाहीर केलें होतें. पैसे सोडले, पण हक्क राखला. लॉर्डांच्या सभेंत या दुसऱ्या कायद्याविरुद्ध लॉर्ड कॅमडेनसह अवघ्या पांच जणांनीं मत दिलें. त्या पांचांतील एका तरुण लॉर्डाचें नांव कॉर्नवॉलिस.

फ्रँक्लिनचें तें वाक्य उचलणारा मंत्री म्हणजे चार्ल्स टाउनशेंड. वक्तृत्व आणि विनोद यांत त्याची बरोबरी करणारा पार्लमेंटांत विरळा. स्थैर्य मात्र नव्हतें. अमेरिकेला बंदरावरील जकात चालते ना? मग जकातच घ्या, असें म्हणून त्यानें १७६७ सालीं कांच, शिसें, रंग, कागद व चहा यांवर जकात बसविली. अपेक्षा वर्षास ४० हजार पौंडांची. पण रकमेपेक्षां तिचा विनियोग अधिक महत्त्वाचा होता. वसाहतींतील गव्हर्नर व न्यायाधीश यांचे पगार आजवर लोकांच्या सभा मंजूर करीत, आणि त्यामुळें या सभांचा अधिकाऱ्यांवर दाब असे. आतां ते पगार जकातींतून देण्याचा बेत होता. म्हणजे लोकांच्या हातांतील दोरी सुटणार होती. टाउनशेंड त्याच वर्षीं सप्टेंबरांत ४२ व्या वर्षीं वारला. आपल्या हातचें बीं कसें उगवलें तें त्यानें पाहिलें नाहीं.

त्याला उत्तर दिलें जॉन डिकिन्सन यानें. हा फिलाडेल्फियाचा श्रीमंत वकील. त्यानें एका साध्या शेतकऱ्याच्या नांवानें बारा पत्रें वर्तमानपत्रांत लिहिलीं व तीं सर्व वसाहतींत वाचलीं गेलीं. व्यापारास वळण लावण्यासाठीं घेतलेली जकात आणि उत्पन्नासाठीं घेतलेली जकात या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली पार्लमेंटनें घ्यावी, दुसरी घेऊं नये, असें तो म्हणे. कर लहान आहे म्हणून तो देऊन टाकावा, या विचाराची त्याला सर्वांत अधिक भीति वाटे. मोठ्या कराला मनुष्य हरकत घेतोच. लहान कर मुकाट्यानें दिला म्हणजे मात्र मागणाराचा हक्क कायम होतो, आणि मग तो मोठा होण्यास वेळ लागत नाहीं. तीन पेन्सांचें सारें कोडें या एका विचारानें उलगडतें. मात्र डिकिन्सनला फुटून निघावयाचें नव्हतें. अर्ज, विनंती आणि मालावरील बहिष्कार एवढीच त्याची साधनें होतीं. बहिष्काराचें व्रत घरोघर बायकांनीं चालविलें. त्यांनीं चरखे काढले, विलायती कापड टाकलें, पुढें चहाहि टाकला. १७७४ च्या ऑक्टोबरांत नॉर्थ कॅरोलिनांतील ईडन्टन गांवच्या ५१ स्त्रियांनीं तर तशा प्रतिज्ञेवर उघड सह्या केल्या.

बोस्टनच्या सॅम्युअल अॅडम्सची जात निराळी. हा गृहस्थ पूर्वीं त्याच शहरचा कर-वसुली कामगार होता, आणि वसुलींत इतका ढिला कीं, त्याच्या हिशेबांत हजारों पौंडांची बाकी राहिली. व्यापारांत त्याला यश नव्हतें, कपड्यांकडे लक्ष नव्हतें. सभा भरविणें, पत्रें लिहिणें आणि माणसें जोडणें हेंच त्याचें आयुष्य. १७६८ सालीं त्यानें व ओटिसनें मिळून सर्व वसाहतींना मॅसॅच्युसेट्सच्या सभेच्या नांवानें एक परिपत्र लिहिलें. तें मागें घ्या, असा लंडनहून हुकूम आला. सभेनें ९२ विरुद्ध १७ मतांनीं तो फेटाळला. मग बोस्टनमध्यें पलटणी उतरल्या. दुसऱ्याच वर्षीं एका कॉफीगृहांत जकात-कमिशनराशीं झालेल्या मारामारींत ओटिसच्या डोक्यास जबर जखम झाली. त्याची बुद्धि आधींच डळमळीत झाली होती. ती पुन्हां नीट सांवरली नाहीं. ज्यानें वादास आरंभ केला तो असा वादांतून उठला.

१७७० च्या मार्चची ५ तारीख ही नियतीनें निवडल्यासारखी आहे. त्या दिवशीं लंडनमध्यें नवा प्रधान लॉर्ड नॉर्थ यानें टाउनशेंडच्या जकाती उठविण्याचा प्रस्ताव मांडला. आणि त्याच रात्रीं बोस्टनमध्यें शिपायांनीं जमावावर गोळ्या झाडल्या. पांच माणसें मेलीं. त्या शिपायांचें वकीलपत्र जॉन अॅडम्सनें घेतलें व बहुतेकांना निर्दोष सोडविलें, ही गोष्ट बोस्टनला भूषणावह आहे. नॉर्थ हा स्वभावानें गोड, भांडणाचा तिटकारा असलेला मनुष्य. त्यानें चार जिनसांवरील जकाती काढल्या व एक ठेविली, ती चहावरची. ती ठेवावी कीं नाहीं, यावर मंत्रिमंडळांत आधींच मतें पडलीं होतीं. बाजूस पांच, विरुद्ध चार. एका मतानें तीन पेन्स राहिले. ते उत्पन्नासाठीं ठेविलेले नव्हते. हक्काची खूण म्हणून ठेविलेले होते. ज्या कारणासाठीं लंडननें ते ठेविले त्याच कारणासाठीं बोस्टनला ते देतां येईनात.

पुढें तीन वर्षें शांततेंत गेलीं. हचिन्सन आतां गव्हर्नर झाला होता. १७७३ च्या जानेवारींत त्यानें सभेपुढें प्रांजळपणें आपला विचार मांडला. पार्लमेंटची सर्वश्रेष्ठ सत्ता आणि वसाहतींचें पूर्ण स्वातंत्र्य या दोहोंमध्यें कोणतीहि रेषा काढतां येत नाहीं, असें त्यानें सांगितलें. दुसऱ्या टोकाची कल्पनाच लोकांना भयंकर वाटेल व ते पहिल्याकडे येतील, असा त्याचा भरंवसा. सभेनें उत्तर दिलें तें तितकेंच तर्कशुद्ध होतें: रेषाच नसेल तर एक तर वसाहती पार्लमेंटच्या दास आहेत किंवा स्वतंत्र आहेत; आणि दास असणें हा त्यांच्या पूर्वजांचा हेतु नव्हता. ज्या मधल्या जागेवर डिकिन्सन व फ्रँक्लिन उभे होते ती जागा अशा रीतीनें एका राजनिष्ठ विद्वानानेंच नाहींशी केली.

त्याच वेळीं ईस्ट इंडिया कंपनी बुडण्याच्या बेतास आली होती. १७७० च्या बंगालच्या दुष्काळांत माणसें लक्षावधि मेलीं. कंपनीवर कर्ज चढलें. लंडनच्या वखारींत सुमारें पावणेदोन कोटी रत्तल चहा पडून होता. नॉर्थनें तिला १४ लक्ष पौंडांचें कर्ज दिलें, आणि तो चहा अमेरिकेस परभारें पाठविण्याची सवलत दिली. इंग्लंडांतील जकात माफ. अमेरिकेंतील तीन पेन्स कायम. ही जकात काढा, नाहीं तर ते चहा घेणार नाहींत, असें डाउड्सवेल नांवाच्या सभासदानें सभेंत बजावलें. नॉर्थनें ऐकलें नाहीं. इकडे डिकिन्सननें एका पत्रांत लिहिलें कीं, ज्या कंपनीनें बंगालमध्यें धान्याचे मक्ते करून लोकांना उपाशी मारलें तीच आतां अमेरिकेकडे वळली आहे. बंगालच्या रयतेचें दुःख अमेरिकेंतील करांच्या वादांत साक्षीस आलें तें असें.

न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया येथून चहाचीं जहाजें परत गेलीं. चार्ल्सटनमध्यें चहा उतरवून तळघरांत ठेवला. बोस्टनमध्यें मात्र हचिन्सन होता. जकात भरल्यावांचून जहाजास परत जाण्याचा परवाना कायद्यानें देतां येत नाहीं, असें त्यानें ठरविलें. वीस दिवसांची मुदत संपली कीं सरकार चहा जप्त करील. आणि ज्या व्यापाऱ्यांकडे तो चहा यावयाचा होता त्यांत त्याचे दोन मुलगे होते. शेवटच्या दिवशीं सुमारें पांच हजार लोक सभागृहांत जमले. जहाजाचा मालक परवाना मागण्यास गव्हर्नरच्या खेड्यांतील घरीं गेला. दिवे लागल्यावर तो नकार घेऊन परतला, आणि थोड्याच वेळानें धक्क्यावर कुऱ्हाडींचे आवाज सुरू झाले.

फ्रँक्लिनला हें कृत्य मुळींच आवडलें नाहीं. बोस्टननें कंपनीस चहाची किंमत भरून द्यावी, असें त्यानें लिहिलें. परंतु आतां त्याच्याहि हातीं कांहीं राहिलें नव्हतें. हचिन्सनचीं कांहीं जुनीं खाजगी पत्रें त्यानें बोस्टनला पाठविलीं होतीं. दोष लंडनचा नसून अशा सल्लागारांचा आहे असें दाखवून वैर कमी करावें, हा त्याचा हेतु. तीं छापून निघालीं आणि उलटाच परिणाम झाला. १७७४ च्या जानेवारीच्या २९ तारखेस प्रिव्ही कौन्सिलपुढें वेडरबर्न या सरकारी वकिलानें त्याची सुमारें तासभर निर्भर्त्सना केली. लॉर्ड लोक हंसत होते. ६८ वर्षांचा फ्रँक्लिन मखमली पोशाखांत एक शब्द न बोलतां उभा होता. साम्राज्याचा एक सच्चा मित्र त्या तासांत गमावला गेला. चार वर्षांनीं पॅरिसमध्यें फ्रान्सशीं तह करतांना त्यानें मुद्दाम तोच पोशाख घातला, असें सांगतात.

चहाच्या शिक्षेदाखल बोस्टनचें बंदर १७७४ च्या १ जूनपासून बंद झालें. त्याच दिवशीं हचिन्सन इंग्लंडला निघाला. त्यापूर्वीं एप्रिलच्या १९ तारखेस बर्कनें पार्लमेंटांत विनविलें होतें कीं, हक्काच्या चर्चा सोडा व जुन्या वहिवाटीवर परत या. पुढल्या वर्षीं मार्चच्या २२ तारखेस, स्टँपाच्या कायद्यास बरोबर दहा वर्षें झालीं त्या दिवशीं, त्यानें पुन्हां तेंच सांगितलें. त्याला मतें मिळालीं नाहींत. त्यानंतर महिनाहि लोटला नाहीं तोंच, १९ एप्रिल १७७५ रोजीं, लेक्झिंग्टन गांवीं पहिली गोळी सुटली.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. राजाचा तो शिशाचा पुतळा १७७६ मध्यें पाडून त्याच्या बंदुकीच्या गोळ्या ओतण्यांत आल्या. डिकिन्सननें स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली नाहीं, पण फौजेंत मात्र तो दाखल झाला. फ्रँक्लिनचा मुलगा विल्यम राजाच्या बाजूस राहून कैदेंत पडला. बापलेकांचें पुन्हां जमलें नाहीं. ओटिस १७८३ सालीं अंगावर वीज पडून मेला. हचिन्सन मायदेशासाठीं झुरत १७८० सालीं लंडनमध्यें वारला. कॉर्नवॉलिसनें १७८१ सालीं यॉर्कटाउन येथें शस्त्र खालीं ठेविलें, आणि १७८६ सालीं तो हिंदुस्थानांत गव्हर्नर जनरल होऊन आला. टिपूवरील स्वारींत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बाजूनें लढले. १७९३ सालीं त्यानें बंगालचा सारा कायमचा ठरविला. संमतीवांचून सत्ता गाजविण्याच्या कायद्याविरुद्ध ज्यानें तरुणपणीं मत दिलें होतें त्यानें बंगालच्या रयतेचें मत घेतलें नाहीं. आणि दोष एकट्या इंग्लंडचाहि नाहीं. स्वातंत्र्यासाठीं गर्जना करणाऱ्या पॅट्रिक हेन्रीच्या शेतांवर गुलाम राबत होते. त्यांची संमति कोणीं घेतली नव्हती.

या कथेचा खरा शेवट १७७८ च्या एका कायद्यांत आहे. त्या वर्षीं लॉर्ड नॉर्थच्याच सांगण्यावरून पार्लमेंटनें वसाहतींवर उत्पन्नासाठीं कर बसविण्याचा हक्क सोडून दिला. ज्या एका मतावर तीन पेन्स राहिले होते तें मत अखेर असें फिरलें; पण तोंवर फ्रान्सचा तह होऊन गेला होता, आणि अमेरिकेंत त्या कायद्याकडे कोणी ढुंकूनहि पाहिलें नाहीं. चार वर्षें आधीं तो झाला असता तर हचिन्सन आपल्या बागेंत मेला असता आणि फ्रँक्लिन कदाचित् लंडनमध्यें. देणाऱ्याला विचारून घेतलेली मोठी रक्कम तो विसरतो. न विचारतां घेतलेले तीन पेन्स त्याच्या नातवंडांनाहि आठवतात.